टॉवर स्पीकर घेताय? आधी हॉलची लांबी-रुंदी मोजा!

वॉटच्या आकड्याला भुलून लाखभर रुपये घालवण्याआधी समजून घ्या: आवाज कुठे घडतो, कुठे बिघडतो आणि टॉवरची गरज नेमकी कुणाला आहे?

घरातला टीव्ही दर काही वर्षांनी मोठा होतो आणि पातळही. ३२ इंचांवरून ४३, तिथून ५५. चित्र झकास दिसतं, पण त्या पातळ पट्टीच्या मागे बसवलेल्या इवल्याशा स्पीकरमधून ना संवाद नीट ऐकू येतात, ना ढोल ढोलासारखा वाजतो. मग साउंडबार येतो. त्यानेही समाधान झालं नाही की मोबाइलवर शोध सुरू होतो तो टॉवर स्पीकरचा. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना छातीएवढे उंच, काळेभोर खांब, हॉलमध्येच थिएटर!

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जा किंवा पुण्यात तपकीर गल्लीत, गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, ‘किती वॉट?’ ऑनलाइन खरेदीतही तोच आकडा सर्वात ठळक छापलेला असतो. माझं म्हणणं सरळ आहे. टॉवर स्पीकर निवडताना सर्वात कमी कामाचा आकडा हाच आहे. सर्वात कामाचा आकडा तुमच्या घरातच आहे: हॉल किती बाय किती फुटांचा आहे आणि सोफा स्पीकरपासून किती लांब आहे.

टॉवर म्हणजे नेमकं काय?

जमिनीवर थेट उभा राहणारा, साधारण तीन ते चार फूट उंचीचा स्पीकर म्हणजे टॉवर. त्यात बारीक, टोकदार आवाजांसाठी ट्वीटर, गळ्याच्या आणि बहुतेक वाद्यांच्या आवाजासाठी मिडरेंज आणि खालच्या सुरांसाठी एक किंवा अधिक वूफर असतात. कोणता आवाज कुणाकडे जायचा, हे आतलं क्रॉसओव्हर सर्किट ठरवतं. टेबलावर किंवा स्टँडवर ठेवायच्या लहान स्पीकरला ‘बुकशेल्फ’ म्हणतात.

टॉवरचा खरा फायदा त्याच्या पोटात आहे. डबा मोठा, म्हणजे आतली हवा जास्त. स्पीकर बनवणारे एक जुना नियम पाळतात. त्याला ‘हॉफमनचा लोखंडी नियम’ म्हणतात. खोल बेस, लहान डबा आणि कमी विजेत मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी एका वेळी दोनच मिळतात. टॉवर लहान डब्याचा हट्ट सोडतो, म्हणून बाकीच्या दोन गोष्टी त्याला जमतात. यात जादू नाही, भौतिकशास्त्र आहे. म्हणूनच ‘एवढासा डबा, पण बेस टॉवरसारखा’ असं कुणी सांगितलं, तर त्याने कुठे तडजोड केली आहे ते विचारा.

वॉटचं गौडबंगाल

टेपरेकॉर्डरच्या जमान्यात खोक्यावर ‘पीएमपीओ’चे हजारांतले आकडे झळकायचे. पीक म्युझिक पॉवर आउटपुट असं भारदस्त नाव, पण ते मोजायचं कसं याचं सर्वमान्य प्रमाणच नव्हतं. ज्याला जो आकडा आवडेल तो त्याने छापावा. आज पीएमपीओ कमी दिसतं, पण ती सवय गेलेली नाही.

ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. उपकरणाच्या मागच्या पट्टीवर ते वीज किती ओढतं, हे लिहिलेलं असतं. प्लगमधून ६० वॉट घेणारा ॲम्प्लिफायर सलग १००० वॉट आवाजाला देऊ शकत नाही. ऊर्जा कुठून तरी यावी लागते, खोक्यावरच्या छपाईतून ती येत नाही.

ही आकडेफेक फक्त आपल्याकडेच होत नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये ॲम्प्लिफायरचे वॉट कसे मोजायचे यासाठी नियम करावा लागला. २०२४ मध्ये तो आणखी घट्ट केला गेला: ८ ओहमच्या भारावर, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत, एक टक्क्याहून कमी विरूपणात जेवढे वॉट मिळतील तेच सांगायचे. आपण खरेदी करताना हीच चाचणी मनात ठेवावी. ‘१०० वॉट’ या शब्दांखाली बारीक अक्षरांत ‘१ किलोहर्ट्झ, एकच चॅनेल चालू, १० टक्के विरूपण’ असं असेल, तर त्या शंभरातले बरेच वॉट कागदावरच राहणार.

आणखी एक गल्लत नेहमी होते. स्पीकरवर लिहिलेले १५० वॉट म्हणजे तो देतो ती ताकद नव्हे, तो सोसू शकतो ती ताकद. बादली किती लिटरची आहे, यावरून नळाला पाणी किती येतं हे कळत नाही, तसंच हे.

मग कोणते आकडे पाहायचे?

पहिला, सेन्सिटिव्हिटी. ठरावीक वीज दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, हे तो आकडा सांगतो. इथे गणित गमतीचं आहे. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॉट लागतात आणि आवाज कानाला साधारण दुप्पट वाटायचा असेल, तर १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट! त्यामुळे ८६ डेसिबलच्या स्पीकरला जो आवाज काढायला १०० वॉट लागतील, तो ८९ डेसिबलच्या स्पीकरला ५० वॉटमध्ये जमेल.

आता घरचा हिशोब करू. ८७ डेसिबलचे दोन स्पीकर, सोफा आठ फुटांवर. दोन्हींना प्रत्येकी फक्त एक वॉट दिला, तरी कानाशी ८० डेसिबलच्या आसपास आवाज पोहोचतो. संध्याकाळी गाणी ऐकताना आपण सहसा यापेक्षा कमीच आवाज ठेवतो. म्हणजे बहुतेक वेळ तुमचा टॉवर एक वॉटही नीट खात नसतो. जास्तीची ताकद लागते ती क्षणभराच्या उसळीला: सिनेमातला स्फोट, ढोलाचा ठोका. त्यासाठी खरेखुरे ५० ते १०० वॉट साध्या हॉलला पुष्कळ झाले.

दुसरा, इम्पीडन्स, म्हणजे ओहम. ४ ओहमचा टॉवर ॲम्प्लिफायरकडून जास्त करंट मागतो. स्वस्त एव्ही रिसिव्हर अशा वेळी तापतो किंवा ऐन रंगात येऊन बंद पडतो. रिसिव्हरच्या माहितीपत्रकात ४ ओहम चालेल असं स्पष्ट लिहिलं नसेल, तर ६ किंवा ८ ओहमचे स्पीकर घ्या.

तिसरा, फ्रीक्वेन्सी. माणसाला साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ऐकू येतं. बेस गिटारची सर्वात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, पियानोची सर्वात खालची पट्टी २७.५ हर्ट्झवर. पण नुसतं ‘३५ हर्ट्झ ते २५ किलोहर्ट्झ’ लिहून काही कळत नाही. पुढे ‘±३ डेसिबल’ आहे का, ते पाहा. ते नसेल, तर ३५ हर्ट्झचा सूर वाजेलही, पण इतका क्षीण की तो वाजला हे फक्त मापकयंत्राला कळेल.

हॉल काय करतो?

आता मुख्य मुद्दा. १० बाय १४ फुटांचा हॉल घ्या. शहरांतल्या कितीतरी फ्लॅटमध्ये साधारण एवढीच जागा असते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ८.६ मीटर येते. तिच्या निम्मी लांबी म्हणजे ४.३ मीटर, अर्थात आपल्या हॉलचे १४ फूट. ही लहर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमते. १० फुटांच्या बाजूसाठी हीच गोष्ट ५६ हर्ट्झच्या आसपास घडते.

परिणाम काय? त्या ठरावीक सुरांना घुमारा येतो. भिंतीला टेकून ठेवलेल्या सोफ्यावर बेस फुगतो, तर खोलीच्या मधोमध खुर्ची टाकली की तोच बेस गायब होतो. स्पीकर तोच, गाणं तेच. तीन पावलं सरकलात की ऐकणं वेगळं. हॉल चौकोनी असेल, तर दोन्ही दिशांची घुमण एकाच सुरावर येऊन त्रास वाढतो. अशा खोलीत खोल बेसचा मोठा टॉवर आणणं म्हणजे घुमटात नगारा वाजवणं. पैसे मोजून आपण आवाज नाही, गडगड विकत आणतो.

त्यात आपली घरं. खाली गुळगुळीत टाइल्स, बाजूला काचेचं सरकतं दार, उघड्या रंगवलेल्या भिंती. हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. पाठोपाठ ‘टर्रर्र’ असा बारीक प्रतिध्वनी आला, तर संवाद अस्पष्ट का येतात याचं उत्तर मिळालं. जाड पडदे, स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये एक गालिचा, भिंतीला पुस्तकांचं भरलेलं कपाट, एवढ्यानेही फरक पडतो. महागडी केबल घेण्याआधी गालिचा घ्या. केबलबद्दलही सांगायलाच हवं: २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची पाच मीटर वायर जाऊन-येऊन जेमतेम ०.०७ ओहमचा विरोध करते. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हा एक टक्काही नाही. मनगटाएवढ्या जाड केबलचे हजारो रुपये वाचवा.

जागेचंही गणित आहे. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हायला हवा. टॉवर मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे हवा, विशेषतः हवेचं भोक, म्हणजे पोर्ट, मागच्या बाजूला असेल तर. ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. घरी सोफ्याऐवजी गादीवर बसून टीव्ही पाहण्याची पद्धत असेल, तर उंच टॉवरचा ट्वीटर डोक्यावरून बोलेल. एवढी जागा सोडता येते का, की टॉवर कोपऱ्यात कोंबून त्याच्यावर फुलदाणी ठेवली जाणार? याचं उत्तर दुकानात मिळत नाही, घरीच द्यावं लागतं.

सिनेमा की गाणी?

ही निवड आधी केली, तर निम्मा गोंधळ संपतो.

सिनेमा आणि वेबसीरिज जास्त पाहत असाल, तर ५.१ मधला सर्वात महत्त्वाचा स्पीकर टॉवर नाही, सेंटर आहे. बहुतेक संवाद त्यातूनच येतात. ‘बोलतात ते कळत नाही आणि गाणं लागलं की कानठळ्या बसतात’ ही घरोघरची तक्रार आहे. ज्येष्ठांना तर रिमोट हातात धरूनच सिनेमा पाहावा लागतो. अशा घरात दोन उंच टॉवर आणि मध्ये सोबत आलेला किरकोळ सेंटर ही वाटणी उलटी आहे. सेंटर त्याच मालिकेतला, त्याच जातीच्या ट्वीटरचा हवा. नाहीतर डावीकडून उजवीकडे जाणारी गाडी मध्येच आवाज बदलते.

आणि इथेच एक गोष्ट आहे जी खरेदी करताना फारसं कुणी सांगत नाही. सबवूफर जोडल्यावर रिसिव्हरमध्ये क्रॉसओव्हर ठरवावा लागतो. त्यासाठी रूढ झालेला आकडा आहे ८० हर्ट्झ. म्हणजे त्याखालचे सगळे सूर सबवूफरकडे जातात. ज्या खोल बेससाठी तुम्ही टॉवरला जास्त पैसे मोजले, तो बेस मग टॉवर वाजवतच नाही! सिनेमासाठी सबवूफर घेणारच असाल, तर चांगले बुकशेल्फ आणि भक्कम सेंटर ही जोडी लहान हॉलमध्ये टॉवरला सहज मागे टाकते. शिवाय सबवूफर खोलीत जिथे नीट वाजेल तिथे सरकवता येतो; टॉवरला टीव्हीशेजारीच उभं राहावं लागतं.

गाणी जास्त ऐकत असाल, तर पारडं टॉवरकडे झुकतं. दोन स्पीकर, एक साधा स्टीरिओ ॲम्प्लिफायर, सबवूफर नाही, सेटिंगची कटकट नाही. डग्ग्याचा घुमारा आणि गळा एकाच ठिकाणाहून, एकसंध येतो. शिवाय बुकशेल्फला स्टँड लागतोच. त्यामुळे जमिनीवर जागा दोन्ही जवळपास सारखीच अडवतात. मोठा हॉल, बंगला किंवा गावाकडचं ऐसपैस घर असेल आणि सोफा बारा-पंधरा फुटांवर असेल, तर टॉवरची ताकद खरोखर कामी येते.

पैसे कसे वाटायचे?

समजा, लाखभर रुपये बाजूला ठेवले आहेत. बाजारात याच पैशांत स्पीकर, रिसिव्हर, सबवूफर असा सगळा ५.१ संच दिसेल आणि छताकडे आवाज फेकणाऱ्या दोन स्पीकरसह ५.१.२ ॲटमॉसही. मोह होतो. पण सात-आठ डब्यांत पैसे वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येतात.

माझ्या मते क्रम असा असावा. सिनेमावाल्यांनी पैशांचा मोठा वाटा पुढच्या तीन स्पीकरवर घालावा, मग सबवूफर, मागचे सराउंड शेवटी. गाण्यांच्या शौकिनांनी फक्त दोन स्पीकर आणि ॲम्प्लिफायर घेऊन थांबावं. बाकीचं पुढच्या दिवाळीला. स्पीकर हे लवकर जुनं न होणारं यंत्र आहे. रिसिव्हरमधल्या सोयी चार-पाच वर्षांत मागे पडतात, चांगला स्पीकर वीस वर्षंही वाजतो. म्हणून ईएमआय काढायचाच असेल, तर तो स्पीकरसाठी निघावा, रिसिव्हरच्या नव्या मॉडेलसाठी नव्हे.

जुना टॉवर घेणं हाही शहाणपणाचा मार्ग आहे. फक्त वूफरच्या कडेची गोल पट्टी तपासा. ती फोमची असेल, तर दमट हवेत काही वर्षांत तिचा भुगा होतो. मुंबई-कोकणात तर हे हमखास पाहावं. रबराची पट्टी जास्त टिकते.

दुकानात ऐकताना

दुकानातला डेमो हा दुकानाचा असतो. स्फोट, हेलिकॉप्टर, काच फुटल्याचे आवाज. त्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही. तुम्हाला पाठ असलेली गाणी न्या. त्यात एक नुसता गळा आणि तानपुरा असावा, एक तबल्याचं, आणि एक भरगच्च वाद्यमेळाचं. ‘सैराट’च्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला होता. अशा गाण्यात व्हायोलिनचा ताफा आणि तालवाद्यं वेगवेगळी ऐकू येतात, की सगळ्याची खिचडी होते, हे लगेच कळतं. एखादा मराठी संवादाचा प्रसंगही लावा.

दोन स्पीकरची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला सांगा. किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. आणि जमलं तर डोळे मिटून ऐका. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मांडलेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं: स्पीकर समोर दिसत असताना लोकांनी दिलेले गुण आणि पडद्याआड ठेवल्यावर दिलेले गुण वेगळे आले. आकार, किंमत, नाव यांचा परिणाम कानावर होतोच. तो अनुभवी श्रोत्यांवरही होतो.

किमान वीस मिनिटं ऐका. पहिल्या दोन मिनिटांत चमकदार वाटणारा आवाज पुढे डोकं उठवू शकतो. घरात जो सर्वात जास्त टीव्ही पाहतो, त्यालाही सोबत न्या. आणि घरी लावून आवडला नाही, तर परत घेणार का, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या.

शेजाऱ्यांचं काय?

खोल बेसला भिंत अडवत नाही. ट्वीटरचा आवाज दारात अडतो, पण ४० हर्ट्झची थरथर स्लॅबमधून खालच्या घरात उतरते. थिएटरमधल्या प्रमाण पातळीत मुख्य स्पीकरची उसळी १०५ डेसिबलपर्यंत धरलेली असते. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत, २००० सालापासून, निवासी भागासाठी मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल. या दोन आकड्यांमधलं अंतर पाहिलं, की ‘घरातच थिएटर’ या जाहिरातीचा अर्थ कळतो. फ्लॅटमध्ये थिएटरचा दणका मिळवता येतो. फक्त तो आपल्यासोबत वरच्या, खालच्या आणि बाजूच्या घरांनाही मिळतो. कुणाकडे बारावीचं वर्ष असतं, कुणाकडे आजारी माणूस.

शिवाय कान आपलेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित. तोच ९० झाला, तर जेमतेम चार तास. रात्री रिसिव्हरमधला ‘नाइट मोड’ वापरा. त्यात मोठे आवाज दाबले जातात आणि संवाद वर येतात.

मग टॉवर घ्यायचे की नाही?

हॉल लहान, सोफा भिंतीला टेकलेला, पाहणं मुख्यतः सिनेमा-मालिका: टॉवर नको. बुकशेल्फ, चांगला सेंटर, आटोपशीर सबवूफर घ्या आणि उरलेल्या पैशांचा गालिचा. हॉल मोठा, मागे जागा मोकळी, गाण्यांची आवड खरी: टॉवर जरूर घ्या, पण दोनच, चांगले, आणि त्यांना पेलणारा ॲम्प्लिफायर.

टॉवर ही घरात ठेवायची शोभेची वस्तू म्हणून हवी असेल, तर त्यातही गैर काही नाही. फक्त ते स्वतःशी कबूल करून घ्यावं. आवाजासाठी घेत असाल, तर दुकानात जाताना खिशात क्रेडिट कार्डाबरोबर हॉलची मापं लिहिलेला कागदही असू द्या. आणि विक्रेत्याने ‘किती वॉट हवेत?’ असं विचारलं, तर आधी त्याला तो कागद दाखवा. तो कागद नीट वाचून पुढचे प्रश्न विचारणारा विक्रेता भेटला, तर खरेदी त्याच्याकडेच करा.